स्वादुपिंडातील मापारी



ह्या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा चिटणीसांकडून आली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. आताच आपण सर्व पंक्तीस बसलो होतो. श्रीखंडाचे पातेले समोर आले की कोणी पानावर आडवा हात धरीत होते, तर कोणी ‘आजचा दिवस चालते’ असे म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेत होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार आपल्या देशात मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष आहे. तेव्हा ज्या घरात हा रोग नाही, त्या घराच्या शेजारी तो आहे, असे समजावयास हरकत नाही.

परंतु आजचे आमचे बोलणे पथ्यावर नाही. वैद्यकीय व्यवसायात एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो व त्याचे उत्तर आज द्यावयाचे आहे. तो प्रश्न असा: ‘डॉक्टर, एकदा इन्सुलिन सुरू केले की त्याची सवय लागते ना?’

हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका घरात अकरा वर्षांच्या मुलास मधुमेह जडला. इन्सुलिन सुरू झाले, मुलगा खेळू-बागडू लागला. मुलगा बरा दिसतो हे पाहून, आणि ‘पोराला जन्माची सवय लागेल’ ह्या भीतीने, घरच्या वडीलधाऱ्यांनी सुई बंद करून झाडपाला सुरू केला. चौथ्या दिवशी मुलगा बेशुद्ध स्थितीत रुग्णालयात आला. दैव बलवत्तर म्हणून तो वाचला. त्या घरात मायेची उणीव नव्हती. उणीव होती ती एका लहानशा पेशीचे काम ठाऊक नसण्याची. त्या पेशीची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्याचा बहुतेक भाग पाचक रस तयार करण्यात गुंतलेला असतो. १८६९ साली पॉल लँगरहान्स ह्या बर्लिनच्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातून पाहताना त्या अवयवात निराळ्याच पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले पाहिले. त्यांचे कार्य काय, हे त्यास सांगता आले नाही. पुढे त्या पुंजक्यांना त्याचेच नाव देऊन ‘लँगरहान्सची बेटे’ म्हणू लागले. माणसाच्या स्वादुपिंडात अशी बेटे १० लाखांच्या आसपास असतात. तथापि ती सर्व एकत्र केली, तरी त्या अवयवाच्या वजनाच्या शेकडा एक-दोन भागच भरतील. ह्या बेटांतील ज्या पेशी इन्सुलिन बनवितात, त्यांस बीटा पेशी म्हणतात.

आता ह्या पेशीला रक्तातील साखर वाढली हे कळते कसे? तिला जीभ नाही, डोळे नाहीत. मेंदूच्या आज्ञेची ती वाट पाहत बसत नाही. तिची रीत अशी, की ती आलेल्या साखरेतील थोडी साखर स्वतः जाळून पाहते आणि त्या ज्वलनावरून बाहेरच्या साखरेचे माप ठरविते.

रक्तातील साखर, म्हणजे ग्लुकोज, ह्या पेशीत सहज शिरते. बाहेर जितकी अधिक, तितकी आत अधिक. आत शिरताच तिची गाठ ग्लुकोकायनेज नावाच्या विकराशी पडते. बाजार समितीत धान्याचे माप घालणारा मापारी आपण पाहिला असेल. पोती कमी आली की त्याचे काम सावकाश चालते, पोत्यांची रीघ लागली की त्याचे हात झपाट्याने चालू लागतात. ग्लुकोकायनेज हा तसा मापारी आहे. इतर अनेक पेशींत हेच काम करणारी विकरे थोड्याशा साखरेनेच पूर्ण वेगात येतात, त्यामुळे पुढची वाढ त्यांना कळत नाही. ह्या मापाऱ्याचा वेग मात्र जेवणापूर्वीच्या व जेवणानंतरच्या साखरेच्या चढउताराबरोबरच कमी-अधिक होतो. म्हणूनच त्याच्या मापावर विसंबता येते.

मोजलेली साखर पुढे जाळली जाते आणि त्यातून एटीपी नावाचा पदार्थ तयार होतो. पेशीला कोणतेही काम करावयाचे असले, की ती ही रोकड खर्च करते. आता पेशीच्या आवरणाकडे वळू. त्या आवरणात पोटॅशियमसाठी सूक्ष्म दारे असतात. पेशी विश्रांती घेत असते तेव्हा ह्यांतील बरीच दारे उघडी असतात, पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत राहते आणि पेशीची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. एटीपी वाढले की ते ह्या दारांना आतून चिकटते व दारे मिटतात. पोटॅशियमचे झिरपणे थांबताच तो ऋणभार ओसरू लागतो. तो पुरेसा ओसरला की कॅल्शियमची दारे उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत धावते.

आत इन्सुलिन आधीच तयार असते. एकेका बीटा पेशीत इन्सुलिनने भरलेल्या सुमारे १०,००० सूक्ष्म पिशव्या असतात, आणि त्यांत ते जस्ताच्या साह्याने स्फटिकरूपाने दाटून ठेवलेले असते. कॅल्शियम येताच आवरणालगत सज्ज असलेल्या पिशव्या आवरणाशी एकरूप होऊन फुटतात आणि इन्सुलिन रक्तात उतरते. पहिला लोट काही मिनिटांतच येतो. त्यानंतर मागच्या पिशव्या पुढे सरकतात आणि साखर चढलेली असेपर्यंत संथ पुरवठा चालू राहतो. उपाशीपोटीही थोडे इन्सुलिन झिरपतच असते. परंतु रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे सुमारे ९० मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की काम खऱ्या अर्थाने वाढते.

ह्यात आतड्याचाही हातभार आहे. तेवढेच ग्लुकोज शिरेतून दिले तर जितके इन्सुलिन सुटते, त्याहून अधिक ते तोंडाने घेतल्यावर सुटते, असे १९६४ साली दाखविण्यात आले. अन्न येताच आतडे जीएलपी-१ सारखी संप्रेरके रक्तात सोडते आणि बीटा पेशी अधिक जोमाने काम करते. अलीकडील काही प्रसिद्ध औषधे ह्याच संदेशाची नक्कल करतात.

ही व्यवस्था बिघडते कशी? प्रामुख्याने दोन प्रकारांनी. पहिल्या प्रकारात, जो बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी जडतो, शरीराची संरक्षक यंत्रणाच बीटा पेशींना शत्रू समजून त्यांचा नाश करते. आमच्या गोष्टीतील मुलाचे असेच झाले होते. येथे मापारीच उरलेला नसतो, मग झाडपाल्याने हाक मारावी तरी कोणाला? दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, तेवढ्यासाठी बीटा पेशी अधिकाधिक इन्सुलिन ओततात, आणि वर्षानुवर्षे हा भार वाहून थकतात. इंग्लंडमधील एका मोठ्या व दीर्घ अभ्यासात असे आढळले, की रोगाचे निदान होते त्या दिवशीच बीटा पेशींचे सामर्थ्य जवळजवळ निम्म्यावर आलेले असते. ‘आम्ही सडपातळ, आम्हांस भय नाही’ ह्या समजुतीतही तथ्य नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले आहे, की आपल्याकडील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने कमी असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सल्फोनिलयुरिया जातीच्या मधुमेहाच्या जुन्या गोळ्या काय करतात? त्या पोटॅशियमचे तेच दार औषधाच्या बळाने मिटवितात, म्हणजे उरलेल्या पेशींकडून काम करवून घेतात. पेशीच उरल्या नसतील, तर त्या गोळीचा उपयोग नाही. तेथे इन्सुलिनच बाहेरून द्यावे लागते. जे शरीर रोज स्वतः बनवीत होते, तेच आपण त्यास परत देतो. ह्याला सवय म्हणावयाचे, तर अन्नपाण्यालाही सवयच म्हणावे लागेल.

ह्याला पुरावा आहे. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत क्वचित काही बालकांना मधुमेह होतो. त्यांतील अनेकांत पोटॅशियमचे दार जन्मजात दोषामुळे मिटतच नाही, असा शोध २००४ साली इंग्लंडमधील एक्सेटर येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. दार मिटविणारी गोळी उपलब्ध होतीच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन गोळीवर बंद करता आले. इन्सुलिनची सवय लागत असती, तर हे घडते ना. इतके दूर तरी कशाला जावे? गरोदरपणात साखर वाढली म्हणून इन्सुलिन घेतलेल्या आणि बाळंतपणानंतर ते बंद झालेल्या भगिनी ह्या सभेतही असतील.

इन्सुलिन नव्हते तेव्हाची स्थितीही आठवावी. पहिल्या प्रकारच्या रोगात मुलांना उपासमारीच्या आहारावर ठेवून त्यांचे मरण थोडे पुढे ढकलणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप यांच्या परिश्रमांतून निघालेले इन्सुलिन देण्यात आले. ११ तारखेचा पहिला प्रयोग फसला. कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेले औषध २३ तारखेस दिले, आणि ते लागू पडले. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला.

म्हणून ज्ञातीतील कुटुंबांस आमचे तीन गोष्टींचे मागणे आहे. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः आईवडिलांपैकी कोणास मधुमेह असल्यास, वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक निघाली, तर पुन्हा तपासून खात्री करावी. १०० ते १२५ च्या दरम्यान निघाली, तर मापारी थकू लागला आहे असे समजून आहार आवरावा व जेवणानंतर चालावे. चालताना स्नायू स्वतःच साखर उचलतात व बीटा पेशींचा भार तेवढा हलका होतो.

दुसरे मागणे असे, की डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले, तर ते शिक्षा म्हणून किंवा शेवट म्हणून घेऊ नये, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून कधीही बंद करू नये.

तिसरे मागणे बोलण्यास थोडे अवघड आहे. आपल्या वधूवर मंडळात स्थळांची टिपणे येतात. त्यांत शिक्षण, नोकरी, पत्रिका सर्व असते. मधुमेह मात्र दडविला जातो, विशेषतः मुलीचा. मग ती मुलगी सासरी स्नानगृहात दार लावून सुई टोचते, आणि एखाद्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत तीही चुकते. आपणच रोगाला लज्जास्पद ठरविले, म्हणून तिच्यावर ही वेळ आली. रोग सांगून टाकणाऱ्या घराचा मान आपण राखला, तर दडविण्याचे कारणच उरणार नाही.

आमच्या गोष्टीतील तो मुलगा आज महाविद्यालयात शिकत आहे. इन्सुलिनची पेटी तो दप्तरात उघडपणे बाळगतो आणि सणाच्या दिवशी एक पुरणपोळी माप धरून खातो. जे काम त्याच्या बीटा पेशी करीत, ते आता तो स्वतः करतो. त्यास घरच्यांनी साथ द्यावी, आणि घरच्यांस ज्ञातीने.