काशीतील बाहेरचे जेवण

जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत, अशा अर्थाची एक म्हण गुजराती भाषेत आहे. काशीला मोक्षाचा मान देऊन भोजनाचा मान म्हण करणाऱ्याने आपल्या प्रांताकडे ठेवला. त्याचा अभिमान समजण्यासारखा आहे. पण काशीच्या अन्नावर मात्र त्यात अन्याय झाला. ज्या नगरीची गृहिणी साक्षात अन्नपूर्णा आणि जिच्या दारी प्रत्यक्ष विश्वनाथ भिक्षापात्र घेऊन उभा राहतो, त्या नगरीत कोणी उपाशी झोपत नाही, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तरी काशीखंडात जी कथा आहे ती उपाशी राहिलेल्या माणसाचीच. व्यासमुनी शिष्यांसह भिक्षेला निघाले, दारोदार फिरले, आणि त्यांच्या झोळीत कोणी मूठभर अन्न घातले नाही. संतापून नगरीला शाप देण्यापर्यंत पाळी गेली. शेवटी एका घरातील गृहिणीने सर्वांना बोलावून पोटभर जेवू घातले. ती गृहिणी म्हणजे जगन्माता होती हे श्रोत्यांना सांगावयास नको. भुकेपायी ज्याचा तोल सुटतो त्याने या क्षेत्रात राहू नये, असे ठरून महर्षींची रवानगी मात्र गंगेच्या पैलतीरी झाली. काशीत परक्या माणसाने जेवावे कोठे, हा प्रश्न इतका जुना आहे.

मराठी यात्रेकरूच्या बाबतीत तो प्रश्न बहुधा पंचगंगा घाटाच्या आसपास उभा राहतो. या घाटाच्या उंच पायऱ्या चढून वर आले की अरुंद गल्लीत मंगलागौरीचे मंदिर लागते. गभस्तीश्वराचे लिंगही तेथेच आहे. उत्तरेस दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट हे दोन घाट आहेत. नारायण दीक्षित पाटणकर यांनी ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविले आणि त्यांच्या आश्रयाने मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. पंचगंगेवरील दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांचा म्हणून दाखवितात, आणि आजचे बिंदुमाधवाचे देवालय औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले आहे. श्रावणातील मंगळवारी आपल्याकडे नवविवाहितेची मंगळागौर होते, तिचेच नाव या देवीला आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील स्त्रियांची पावले इकडे आपोआप वळतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्तरेतील महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून काशीचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि आधीच संपतो. शिवाय त्या दिवसांत गंगेला पूर असला की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, आणि देवीकडे गल्लीच्या वाटेनेच यावे लागते.

दर्शन आटोपून भुकेलेला मराठी माणूस गल्लीत उतरतो तेव्हा त्याला हवा असतो वरणभात, आणि समोर दिसते ती पुरी, कचोरी आणि जिलबी. काशीच्या लोकांना तळलेले फार आवडते असा तर्क करून तो पुढे जातो. तर्क खोटा नाही, पण अपुरा आहे. उत्तर हिंदुस्थानात अन्नाचे दोन वर्ग मानीत आले आहेत: पाण्यात शिजविलेली ती कच्ची रसोई आणि तुपात तळलेली ती पक्की रसोई. डाळ, भात, साधी पोळी ही कच्ची. ती आपल्या घरी, आपल्या जातीच्या हातची खावयाची. पुरी, कचोरी, मिठाई ही पक्की. ती हलवायाकडून विकत घेतली तरी दोष लागत नाही. परप्रांतांतून आलेल्या, शेकडो जातींच्या यात्रेकरूंना अन्न विकावयाचे तर ते पक्केच असले पाहिजे. बनारसच्या बाजाराची कढई अशी धर्मशास्त्राच्या चुलीवर चढली आहे. पानांचे द्रोण आणि एकदा ओठाला लावून फेकून द्यावयाचा मातीचा पुरवा ही भांडीही त्याच नियमातून आली. दुसऱ्याच्या उष्ट्याची शंका घेण्यास तेथे जागाच उरत नाही. आपल्या आज्यापणज्या प्रवासाला निघताना पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून दशम्या करीत, त्यामागे हाच विचार होता.

मग वरणभात मिळे कोठे? तो क्षेत्रोपाध्यायाच्या घरी मिळे. यात्रेकरू उतरे तेथेच, सोवळ्याने जेवे, आणि घरी परतल्यावर काशीत अगदी घरच्यासारखे जेवण मिळाले म्हणून कौतुक करी. ते जेवण कोणाच्या हातचे असे, याचा विचार मात्र तो क्वचितच करी. महाराष्ट्रातून काशीवासासाठी म्हणून विधवा स्त्रिया येथे पाठविल्या जात. कोणाला घरून महिन्याकाठी चार रुपये येत, कोणाला तेही येत नसत. अशा कित्येकींना दुसऱ्याच्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करून दिवस काढावे लागले. पहाटे गंगेत बुडी मारून ओलेत्याने चूल पेटवावयाची, यात्रेकरूंच्या पंगती उठवावयाच्या, आणि स्वतः मात्र वैधव्याच्या नियमाप्रमाणे दिवसातून एकदाच, आणि तेही सर्वांच्या मागून जेवावयाचे. यात्रेकरूला ज्या वरणभाताची आजही सय येते त्यात या स्त्रियांची भूक मिसळलेली होती. ती व्यवस्था आता उरली नाही म्हणून फार हळहळण्याचे कारण नाही. काही घरांत आदल्या रात्री सांगून ठेवल्यास मराठी पद्धतीचे जेवण आजही करून देतात. ते मिळाल्यास अवश्य घ्यावे, आणि त्याचे मोल न घासता द्यावे.

दुसरी सोय अन्नसत्राची. मराठे सरदार आणि संस्थानिक यांनी काशीत जशी देवळे आणि घाट बांधले तशी अन्नछत्रेही घातली. चेट्टिनाडच्या नगरत्तार व्यापाऱ्यांनीही 1863 च्या सुमारास आपल्या प्रांताच्या यात्रेकरूंसाठी छत्र उघडले. वेदाध्ययनासाठी आलेला गरीब विद्यार्थी वर्षानुवर्षे अशा सत्रांवर जगला आणि त्यातून मोठे पंडित निर्माण झाले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण सत्राची पंगत म्हणजे बहुधा ब्राह्मणांची पंगत, हेही तितकेच खरे. पंढरीच्या वाळवंटापर्यंत पोचलेला अस्पृश्य वारकरी काशीस आला असता तर त्याला पाट कोणी मांडला असता? बाजारातील हलवाई पैसा घेई, पण त्याच्याही पायरीवर कोणी उभे राहावे आणि कोणी खाली थांबावे, हे ठरलेले होते. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जातीच्या कारणावरून तेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. 1955 साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला आणि 1976 साली त्याला नागरी हक्क संरक्षणाचे नाव मिळाले. घटनाकारांनी मूलभूत हक्कांत उपाहारगृहाला जागा द्यावी, याचे परदेशी वाचकाला नवल वाटेल. काशीच्या गल्लीत एकदा जेवलेल्याला वाटणार नाही. संस्थाने विलीन झाली आणि त्यांच्या उत्पन्नावर चाललेल्या धर्मादायांचा आधार सुटला. आज विश्वनाथाजवळ अन्नपूर्णेच्या मंदिराचे अन्नक्षेत्र आहे. तेथे यात्रेकरूला विनामूल्य डाळभात मिळतो, आणि ज्याला घरच्या चवीपेक्षा घरच्या पदार्थाची आठवण येते त्याने तेथे जावे.

राहता राहिला बाजार, आणि खरे पाहता काशीचे अन्न तेथेच आहे. मंगलागौरीकडून पश्चिमेस निघाले की चौखंबा लागतो. गोपाळमंदिर मागे टाकून ठठेरी बाजारात शिरावे, आणि तेथून चौकात निघावे. घाटालगतच्या या दगडी वस्तीला पक्का महाल म्हणतात. कचोरी ही सकाळची वस्तू आहे. दहाअकरानंतर गेल्यास कढई थंड झालेली आढळेल. मोठी कचोरी उडदाच्या वाटणाची, मऊ, आपल्या पुरीच्या जवळची. छोटी खुसखुशीत असते. सोबत हिंगाचा वास असलेली बटाट्याची किंवा लाल भोपळ्याची रस्साभाजी, आणि वर जिलबी. तिखटामागून गोड हा क्रम मराठी माणसाला प्रथम उलटा वाटतो, दुसऱ्या दिवशी वाटत नाही. ठठेरी बाजारातील राम भांडार या जुन्या दुकानाची तिरंगी बर्फीही याच वाटेवर मिळते. केशर, खवा आणि पिस्ता यांचे तिचे तीन थर स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत जुळविले गेले. झेंडा फडकविण्यास बंदी असताना तो खाण्यास मात्र बंदी करता येईना. 2024 साली या बर्फीला भौगोलिक मानांकन मिळाले. बनारसी पानाला आणि लंगडा आंब्याला ते 2023 मध्येच मिळाले होते.

पंचगंगेवरील बालाजीच्या मंदिरात लहानपणी सनईचा रियाज करणारे बिस्मिल्ला खाँ एका हलवाईणीच्या तुपातल्या कचोरीचे फार शौकीन होते. उकळत्या तुपात कचोरी पडताना जो आवाज होई त्यात त्यांना सगळे आरोह-अवरोह ऐकू येत. बालाजीच्या देवळात सनई वाजविणारा मुसलमान, आणि त्याला मुसलमान हलवाईणीच्या कढईत सापडलेला स्वर, हे दोन्ही याच महालातले. उतारवयात मात्र, अस्सल तूप गेले आणि मलई-बर्फ विकणारे गेले, अशी खंत ते बोलून दाखवीत. 2006 साली ते वारले. तुपाविषयीची त्यांची तक्रार आजच्या यात्रेकरूनेही मनात ठेवावी, आणि कढई कोणत्या स्निग्धाची आहे हे विचारण्यास लाजू नये.

ज्यांना तळलेले सोसत नाही त्यांनी बाटी-चोखा मागावा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली कणकेची बाटी आणि भाजलेल्या वांग्याचा चोखा हे जेवण विदर्भातील माणसाला परके वाटणार नाही. रोडगे आणि वांग्याची भाजी यांचेच ते गंगाकाठचे भावंड आहे. वांगी पैलतीरावरील रामनगरची असल्यास उत्तम. व्यासांना धाडले ते त्याच तीरावर, तेव्हा तेथेही खाण्याचे हाल झाले नसावेत. संध्याकाळी दशाश्वमेधाच्या बाजूस टोमॅटोची चाट मिळते. ती एकदा खावी.

हिवाळ्यात काशीस जाणाऱ्याने मात्र ठठेरी बाजार आणि चौखंबा येथील मलइयो चुकवू नये. दूध आटवून रात्री उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे ते घुसळतात, आणि वर येणारा फेस केशर-वेलची घालून परातीत जमवितात. थंडी नसेल तर फेस धरत नाही, ऊन चढले की तो बसतो. म्हणून कार्तिक सरता सरता हा पदार्थ दिसू लागतो आणि फाल्गुनाच्या आसपास नाहीसा होतो. पुरव्यातला फेस जिभेवर ठेवला की चावण्यासारखे काही उरत नाही. तो संपला की विकणारा न मागता त्याच पुरव्यात थोडे केशरी दूध ओततो आणि ते पिऊन होईपर्यंत थांबतो. पुरवा तेथेच टोपलीत टाकावयाचा असतो. ऊन गल्लीत उतरेपर्यंत परात रिकामी होते, आणि रात्रीच्या दुधाची तयारी करावयास तो घरी जातो.