उंबरठा सुटलेली माणसं



आज आम्ही तुम्हाला आधी एक प्रश्न विचारतो. एका रात्रीत घर सोडायची पाळी आली, तर तुम्ही बरोबर काय घ्याल?

हा प्रश्न आम्ही बऱ्याच गावांतल्या वर्गांत विचारला आहे. कोणी म्हणतं, पैसे. कोणी म्हणतं, देव्हाऱ्यातले देव. एका वर्गात एक आजी म्हणाल्या, "पण माझ्या जात्याचं काय करू? ते काही उचलायचं नाही." सगळे हसले. मग सगळे गप्प झाले.

आजींचं खरं आहे. घर सोडताना जे उचलत नाही तेच फार असतं. शेत उचलत नाही. विहीर उचलत नाही. शेजार तर नाहीच उचलत.

अशा उंबरठा सुटलेल्या माणसांविषयी आज बोलू. तुम्ही म्हणाल, लढाया दूर देशात होतात, आपला काय संबंध? संबंध आहे. ऐका.

मिरजेहून कोल्हापूरच्या आगगाडीत बसा. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी ही स्टेशने गेली की वळीवडे लागते. सन १९४३ साली या वळीवड्याला सुमारे पाच हजार परके लोक येऊन राहिले. ते पोलंड देशाचे होते. त्यांत बायका आणि मुलेच फार.

ते इथे कसे आले? सन १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूने जर्मनी चालून आला, दुसऱ्या बाजूने रशिया. १९४० साली रशियाने पूर्वेकडच्या पोलिश कुटुंबांना घरांतून काढायला सुरुवात केली. त्यांना मालगाडीत कोंबले आणि सैबेरियाच्या थंडीत नेऊन टाकले. पुष्कळ माणसे भुकेने आणि रोगाने मेली. १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. १९४२ साली हजारो लोक इराणात पोहोचले. तिथून काही आपल्या देशात आले. सुमारे एक हजार मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळीवड्याला मोठी छावणी झाली. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीलाही पोलिश मुलांसाठी आरोग्यकेंद्र होते. अशक्त पोरे तिथल्या हवेत बरी होत.

आता वळीवड्याची छावणी कशी होती ते पाहा. लांब लांब बराकी. वर कौले, भिंती चटयांच्या. थाटमाट काही नाही. पण कुटुंबाला स्वतःची जागा होती. मुलांना शाळा होत्या. दवाखाना होता, देऊळ होते, म्हणजे त्यांचे चर्च. नाटकाची हौसही ते भागवीत. छावणीचा कारभार पोलिश लोकच पाहत. खर्च लंडनला बसलेले त्यांचे सरकार देई. आपल्याकडच्या दुकानदारांशी त्यांचा व्यवहार चाले.

यातली खुबी तुमच्या ध्यानात आली का? त्या लोकांना नुसती भाकरी मिळाली नाही. काम मिळाले, शाळा मिळाली, आपला कारभार आपण करण्याचा मान मिळाला. भाकरीने जीव जगतो. मानाने माणूस जगतो.

पुढे लढाई संपली. पण त्यांतल्या पुष्कळांची गावे रशियाच्या हद्दीत गेली होती. परत जायचे कुठे? १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी आणखी कुठे. आणि त्या रिकाम्या जागेत कोण आले? फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक! त्या वस्तीचे नाव झाले गांधीनगर. आज सांगली-साताऱ्याचे कापडवाले तिथल्या घाऊक पेठेतून माल भरतात. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी ती पेठ उभी केली आहे.

इथवर गोष्ट गोड वाटते. पण आम्ही तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगणार नाही.

त्याच १९४८ साली, ३० जानेवारीला, गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता. एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूर या आपल्याच भागात गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. खुनाशी त्या घरांचा काय संबंध होता? काही नव्हता. पिढ्यान् पिढ्या गावात राहिलेली कुटुंबे नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. कित्येक परत आलीच नाहीत. व्यंकटेश माडगूळकर हे आपल्याच माणदेशातले लेखक. त्यांनी 'वावटळ' या कादंबरीत त्या दिवसांची कथा सांगितली आहे. आणखी थोडे वाचन वाढले की तुम्ही ती जरूर वाचा.

म्हणजे पाहा. हजारो मैलांवरून आलेल्यांना या भूमीने जागा दिली, आणि भिंतीला भिंत लागून राहिलेल्यांना याच भूमीवर जागा उरली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काही गावांत लोकांनी शेजाऱ्यांना आपल्या घरात लपवले, हेही खरे आहे. जमाव पेटतो तेव्हा प्रत्येकाला ठरवावे लागते, काडी घ्यायची की घागर.

आणि घर काय लढाईनेच सुटते? कोयनेचे धरण झाले, तेव्हा साताऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईला महापूर आला. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना नेणारी नावच उलटली आणि माणसे दगावली. हजारो लोक शाळांत, कार्यालयांत जाऊन राहिले. कारण वेगळे असते. उंबरठा सुटल्याचे दुःख एकच.

त्या पुरात आम्हीही मदतीला गेलो होतो. तेव्हा आमची एक चूक झाली, ती तुम्हाला सांगतो. आम्ही शहरातून जुने कपडे गोळा केले आणि टेम्पो भरून नेले. शाळेच्या व्हरांड्यात ढीग ओतला. फाटकी झंपरे, तोकडे फ्रॉक, साहेबी कोट. बायका लांब उभ्या राहून बघत होत्या. एकीने हात लावला नाही. शेवटी एक बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "दादा, आम्ही भिकारी न्हाई. आमचं घर पाण्यात हाय, एवढंच. आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पोरींना कापड पायजे, अंघोळीला आडोसा पायजे, अन् रातच्याला दिवा पायजे."

आमची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन गेलो आणि आधी विचारले.

त्या दिवसापासून आम्ही पाच गोष्टी पाळतो. त्या तुम्हीही ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, यादी करा. कोण आले, कुठून आले, घरातले कोण मागे राहिले, ते लिहा. लढाईत आणि पुरात ताटातूट होते. लिहिलेल्या नावावरून आईला मूल सापडते. नाव लिहिलेच नाही, तर शोधणार कसे?

दुसरी गोष्ट, पाणी आणि संडास आधी पाहा. गर्दीत घाण पाणी प्याले की हगवण लागते, कावीळ होते. संकटातून वाचलेला माणूस मग रोगाने जातो. पाणी उकळा, झाका. संडास पाण्यापासून लांब ठेवा, आणि बायकांच्या वाटेवर दिवा लावा.

तिसरी गोष्ट, विचारून द्या. विशेषतः बायांना विचारा. पुरुष एकटाच बोलतो आणि निम्म्या गरजा राहून जातात.

चौथी गोष्ट, काम द्या आणि शाळा सुरू करा. बसून खाणारा माणूस खचतो. स्वयंपाक, वाटप, राखण हे त्यांचे त्यांनाच करू द्या. पोरांना झाडाखाली का होईना, पण पाटी द्या.

पाचवी गोष्ट, जात, धर्म, पक्ष विचारू नका. सन १८५९ मध्ये इटलीत सोल्फेरिनो इथे मोठी लढाई झाली. आंरी द्युनां नावाचा एक व्यापारी तिथे आला होता. त्याने जखमी शिपाई पाहिले, आणि गावच्या बायांना घेऊन दोन्ही बाजूंच्या शिपायांची सेवा केली. आपला कोण, शत्रूचा कोण, हे पाहिले नाही. त्यातून १८६३ साली रेडक्रॉसची सुरुवात झाली. आपल्या देशात ती १९२० साली स्थापन झाली. मलमपट्टी करणाऱ्याने बाजू घेतली, तर उद्या त्याला जखमीपर्यंत कोणी पोहोचू देणार नाही.

आणि एक विसरू नका. आसरा देणारे गावही गरीबच असते. आलेल्यांना धान्य आणि गावाची विहीर आटलेली, असे झाले तर कुरबूर होणारच. म्हणून दोघांची सोय बरोबर पाहावी. विहीर उपसली तर दोघांसाठी उपसावी.

सप्टेंबर २०१९ मध्ये, महापुराला महिना होतो न होतो तोच, वळीवड्याला काही म्हातारे पाहुणे आले. लहानपणी ते त्या छावणीत राहिले होते. सत्तर वर्षांनी आपली जागा बघायला आले. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरातही, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावांनी दिलेला आसरा ते लोक विसरले नाहीत. जळलेली घरेही माणसे विसरत नाहीत. आपल्या गावाची कोणती आठवण मागे राहावी, ते आपल्याच हातात आहे.

तुम्ही नुकतीच अक्षरे शिकलात. "आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय?" असे तुम्हाला कोणी म्हणाले असेल. त्यांना सांगा, गावावर वेळ आली तर यादी मी करीन.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. वहीच्या कोऱ्या पानावर आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरातली नावे लिहा. म्हातारे कोण, आजारी कोण, पोटुशी कोण, तेही लिहा. एकही घर गाळू नका. ज्या घराशी तुमचे बोलणे नाही, तेही नाही.