स्वसंरक्षणासाठी मिरचीचा फवारा : निवड व वापर

(भोर-वेल्हे परिसरातील शेतकरी स्त्री-पुरुषांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



फवारणी हा आपल्या ओळखीचा विषय. नोझल कोणते, वारा कुठून, औषधाचे प्रमाण किती, बाटलीवरची तारीख काय, हे आपण पिकासाठी पाहतोच. आज ज्या फवाऱ्याविषयी बोलायचे आहे तो पिकावर मारायचा नाही, अंगावर चालून आलेल्या माणसाच्या तोंडावर मारायचा आहे. पण निवडताना पाहायच्या गोष्टी जवळजवळ त्याच आहेत.

चेलाडी फाट्यावर किंवा कापूरहोळला संध्याकाळी उतरून वाडीकडे चालत निघालेली कॉलेजची मुलगी, पहाटेच्या अंधारात दूध घेऊन रस्त्यापर्यंत येणारी बाई, रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला एकटाच गेलेला माणूस, यांच्यासाठी हा विषय आहे. गुंजवणी, वेळवंडी आणि नीरेच्या खोऱ्यांत घरे विखुरलेली आहेत. हाक ऐकायला जवळ कोणी असेलच असे नाही, आणि डोंगराआड मोबाईलला रेंज सगळीकडे मिळत नाही. समोरच्याला दोन-चार मिनिटे आंधळे करून आपल्याला पळता यावे, एवढेच या फवाऱ्याचे काम. याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसीन व त्याच्यासारख्या इतर द्रव्यांमुळे येतो. वाळलेल्या मिरचीतून जो दाट, तेलकट अर्क काढतात त्याला ओलिओरेझिन म्हणतात. तो द्रावकात मिसळून दाबाखाली डबीत भरला की पेपर स्प्रे तयार होतो. नाव पेपर असले तरी त्यात काळी मिरी नसते. अर्क डोळ्यांत गेला की पापण्या आपोआप मिटतात, खोकला येतो, श्वास कोंडल्यासारखा वाटतो. हा त्रास साधारण अर्धा-पाऊण तास टिकतो. शरीरात भाजल्याची जाणीव ज्या ग्राहकामुळे होते, त्यालाच कॅप्सेसीन चेतवते. या ग्राहकाचा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली लावला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पक्ष्यांमधला हा ग्राहक कॅप्सेसीनला दाद देत नाही. म्हणूनच पोपट आपल्या मिरचीच्या वाफ्यात मजेत जेवतो.

आता पहिला प्रश्न असा येतो की घरात तिखट असताना डबी विकत कशाला घ्यायची? कॅप्सेसीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. तिखट पाण्यात कालवले तर भुकटी तळाशी बसते आणि ऐन वेळी नोझल तुंबते. कोरडे तिखट उधळले तर वारा ते आपल्याच डोळ्यांत आणतो. आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. काही जण कीटकनाशकाची छोटी बाटली जवळ ठेवावी असे सुचवतात. हे कदापि करू नये. ते विष आहे. समोरचा दगावू शकतो, आपल्यालाही विषबाधा होऊ शकते, आणि मग कायद्यापुढे स्वसंरक्षणाचे कारण टिकणे कठीण.

डबीवरचे आकडे नीट वाचावेत, कारण फसगत इथेच होते. तिखटपणा मोजण्याची स्कोव्हिल पद्धत १९१२ सालची. शुद्ध कॅप्सेसीनचा तिखटपणा सुमारे १ कोटी ६० लाख एकके धरतात. काही डब्यांवर लाखांचे आकडे ठळक छापलेले असतात. पण तो आकडा बहुधा डबीत भरण्यापूर्वीच्या मूळ अर्काचा असतो, डबीतल्या द्रावणाचा नव्हे. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीत नत्र ४५ किलो नसते, ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो असते, तसेच हे. नुसते ‘अर्क १० टक्के’ एवढे लिहिलेले असले तरी उलगडा होत नाही, कारण अर्क कोणत्या मिरचीचा हे कळत नाही. ब्याडगीचा रंग पाहून डोळे दिपतात, पण तिखटपणात ती लवंगीच्या जवळपासही नाही. उपयोगाचा आकडा एकच, तो म्हणजे तयार द्रावणात कॅप्सेसीन गटातील द्रव्ये किती टक्के. माणसांसाठीच्या फवाऱ्यांत हे प्रमाण साधारण ०.१८ ते १.३३ टक्के असते. १.३३ टक्के म्हणजे हिशेबाने सुमारे २ लाख १३ हजार एकके झाली. म्हणजे २० लाखांची जाहिरात करणाऱ्या डबीपेक्षा, कॅप्सेसीनची टक्केवारी स्पष्ट छापणारी डबी घ्यावी. टक्केवारी छापलेलीच नसेल तर दुकानदार काय सांगतो यावर जाऊ नये.

यानंतर नोझल. आपल्या भागात मला हीच बाब सर्वात महत्त्वाची वाटते. धुक्यासारखा बारीक फवारा उडवणाऱ्या डब्या असतात. नेम चुकला तरी काही थेंब लागतात हा त्यांचा गुण. पण धरणकाठी, खिंडीत, घाटरस्त्यावर वाऱ्याचा भरवसा नसतो. तणनाशक मारताना शेजारच्या वाफ्यावर काय होते ते आपण पाहिलेले आहे. इथे शेजारचा वाफा म्हणजे आपले स्वतःचे डोळे. म्हणून भोर-वेल्ह्यासाठी (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) सरळ धार सोडणारी किंवा जेलची डबी घ्यावी. धार साधारण तीन-चार मीटरपर्यंत जाते. नेम मात्र डोळ्यांवरच धरावा लागतो, आणि तो सरावानेच जमतो. काही कंपन्या सरावासाठी नुसत्या पाण्याची डबी देतात. ती मिळाली तर घ्यावी. नाहीतर वारा पाठीशी घेऊन मोकळ्या रानात एकदा अर्धा सेकंद धार मारून पाहावी.

किल्लीला लटकवायच्या अगदी लहान डब्यांत मोजकेच फवारे असतात. मुठीत पूर्ण बसेल एवढी डबी बरी. तिचा खटका अंगठ्याने, अंधारात, ओल्या हाताने उघडता आला पाहिजे. पिशवीच्या तळाशी, डब्याखाली ठेवलेली डबी असून नसल्यासारखी. चालताना ती हातात किंवा वरच्या खिशात हवी.

वेळ आलीच तर ‘मागे हो’ असे मोठ्याने ओरडावे, हात लांब करून डोळ्यांवर एक-दोन सेकंद धार मारावी, लगेच बाजूला सरून पळावे आणि ११२ ला फोन करावा. परिणाम पाहत उभे राहू नये. प्रत्येकावर तो सारखा होत नाही, काहींना थोडा वेळही लागतो. वडापच्या जीपमध्ये, एसटीत, बंद खोलीत शक्यतो वापरू नये. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत एका खासदाराने हा फवारा मारला तेव्हा सभागृहभर खोकला पसरला आणि काही सदस्यांना रुग्णालयात न्यावे लागले. एवढ्या मोठ्या दालनात ही गत, तर जीपमध्ये काय होईल!

अंगावर येणाऱ्या कुत्र्यावर फवारा चालतो. रानडुक्कर किंवा बिबट्यासाठी मात्र यावर विसंबू नये. तिथे बॅटरी, आवाज आणि सोबत हवी. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

ही डबी बाळगायला शस्त्रपरवाना लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या बचावाचा हक्क दिलेला आहे, पण गरजेपुरताच. बांधावरच्या भांडणात, रागाच्या भरात फवारा मारला तर तो बचाव ठरत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक हत्यार म्हटले आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याच डोळ्यांत गेला तर चोळू नये. भरपूर स्वच्छ, गार पाण्याने धुवावे, पापण्यांची उघडझाप करावी. अर्क तेलकट असल्याने कातडी साबणाने धुवावी, कपडे बदलावेत. डोळ्यांत दूध घालू नये. दमेकरी असेल किंवा तासाभरात आराम पडला नाही, तर दवाखान्यात न्यावे.

डबीची मुदत साधारण तीन-चार वर्षांची असते. पुढे गॅस कमी होऊन धार पोचत नाही, म्हणून घेतानाच तारीख पाहावी. चुलीजवळ, उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नये. पावसाळ्यात चिखलाने नोझल बुजले नाही ना, हे अधूनमधून बघावे. मुदत संपलेली डबी पालापाचोळ्याबरोबर जाळू नये; ती फुटते.