अंगाबरहुकूम कोट



थंडी म्हटली की महाबळेश्वर आठवते, निफाड आठवते. सोलापूर जिल्हा म्हटला की आठवते ते ऊन. पण आमच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नाव अलीकडच्या हिवाळ्यांत राज्यातल्या थंड ठिकाणांच्या यादीत पुनःपुन्हा येऊ लागले आहे. आम्हा जेऊरकरांना त्याचे फारसे नवल नाही. हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि माळ उघडा. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब आभाळाकडे सोडून देते. पहाटे दातावर दात वाजतात आणि दुपारी एक वाजता अंगावरचा साधा स्वेटरही नकोसा होतो.

या थंडीत बायकांनी घालावयाच्या कोटाविषयी आज मला बोलावयाचे आहे. त्यातही ज्यांची उंची बेताची आणि अंग भरलेले आहे, अशा भगिनींच्या कोटाविषयी. ‘कॉलेजातला मास्तर आणि बोलतोय काय, तर बायकांच्या कोटावर!’ असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. हा विषय माझ्या घरातूनच माझ्यापर्यंत आला आहे, आणि घरच्या परवानगीनेच मी तो मांडतो आहे.

माझी पत्नी प्राथमिक शिक्षिका आहे. उंची पाच फुटांना दोन बोटे कमी, आणि आपल्याकडे म्हणतात तशी ठेंगणीठुसकी. शनिवारी शाळा सकाळची. एका हिवाळ्यात आम्ही शहरातून तयार कोट आणला. छातीला बरोबर बसला. पण खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आणि खालची कड पोटरीवर. शाळेत कोणीतरी सहज विचारले, “बाई, सरांचा कोट घातलात वाटतं?” सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन तिने कोट खुंटीला टांगला, तो तिथेच राहिला. “अहो, कोट घातला की मी पोत्यासारखी दिसते,” एवढेच ती म्हणाली. मीही विषय वाढवला नाही.

मग पुन्हा शाल. डिसेंबरातल्या एका शनिवारी मी तिला मोटारसायकलवरून शाळेत सोडावयास निघालो होतो. शालीचे टोक मागच्या चाकात गेले. गाडीला वेग नव्हता म्हणून कोपर सोलण्यावर निभावले. रस्त्याच्या कडेला बसून मी चाकात गुंडाळलेली शाल सोडवीत होतो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न नटण्यामुरडण्याचा नाही. हसण्याच्या भीतीने एक बाई ऊब सोडते आणि धोका पत्करते, असा हा प्रश्न आहे.

तसा तो जुनाच आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास अमेरिकेला गेल्या. आपल्या नऊवारी नेसणीत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तिकडची थंडी तर बर्फाची. साडी त्यांना सोडावयाची नव्हती. तेव्हा त्यांनी नेसण बदलली. पाय झाकणारी गुजराती पद्धत घेतली, आणि त्याच वेषात शिकून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी स्वतःला कपड्यापुढे नमवले नाही, कपड्याला आपल्या गरजेप्रमाणे वळवले. कोटाच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. कोट बसला नाही की म्हणतो, “माझं अंगच वाईट.”

दोष अंगाचा नसतो, हे मला आमच्या शिंपीमामांनी समजावून दिले. कारखान्यातले कपडे आकड्यांवर बेतलेले असतात. छातीचा आकडा वाढला की त्याबरोबर खांदा रुंदावतो आणि बाहीही बहुधा लांबते. पण माणसाचे हाड असे वाढत नाही. भरल्या अंगाच्या ठेंगण्या बाईचा खांदा अरुंदच राहतो. म्हणून छातीला बसणारा कोट घ्यावा तर खांदा ओघळतो, आणि खांद्याला बसणारा घ्यावा तर बटण लागत नाही. मामा म्हणाले, “बाई, तुमच्यात काही कमी-जास्त नाही. ह्या कोटानं तुम्हाला पाहिलंच नव्हतं.”

त्यांनी माप घेतले ते साडीवर स्वेटर घालावयास लावून. कारण कोट घालावयाचा तो त्यावरच. कापड बेतून, कच्चा धावदोरा घालून, एकदा अंगावर चढवून पाहिले आणि मगच पक्की टीप मारली. त्या दोन फेऱ्यांत मी जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट खांदा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. कोटाचा सारा डौल तिथून सुरू होतो. तयार कोट घेताना खांदा जमतच नसेल, तर ज्याची बाही थेट गळ्यापासून तिरपी निघते असा कोट पाहावा. त्याला रॅगलन बाही म्हणतात. त्यात खांद्यावर शिवणच नसते.

दुसरी गोष्ट लांबी. कोटाची कड जिथे संपते तिथे पाहणाऱ्याची नजर थांबते. म्हणून ती सीटच्या सर्वांत रुंद जागी संपू नये. पोटरीपर्यंत लांब कोटात ठेंगणी बाई बुडून जाते. मांडीच्या मध्यापासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत कुठेही कड चालते. गाडीवर बसणारीने मांडीच्या मध्यापर्यंतचा घ्यावा आणि मागे चीर ठेवावी. बाही मनगटाच्या हाडावर संपावी.

तिसरी गोष्ट रेघांची. उभी रेघ उंची दाखवते, आडवी रेघ रुंदी. म्हणून बटणांची रांग एकच असावी. मुंढ्यापासून खालपर्यंत उभ्या शिवणी घालून कंबर किंचित आत घ्यावी. कमरेला जाड पट्टा आवळू नये. त्याने अंगाचे दोन तुकडे दिसतात. वरून थापलेले मोठे खिसे सीटवर नकोत. शिवणीत लपलेले किंवा तिरपे असावेत. कॉलर लहान आणि सपाट बरी. बाजारातल्या रजईसारख्या फुगीर जाकिटांत आडव्या शिवणींचे मोठे फुगे असतात, ते टाळावेत.

चौथी गोष्ट कापड. जाड कापड म्हणजे जास्त ऊब, हा समज सोडावा. ऊब धरून ठेवते ती धाग्यांमध्ये आणि थरांमध्ये अडकलेली हवा. म्हणून एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे: आत लोकरी स्वेटर आणि वर अस्तर लावलेला, मध्यम जाडीच्या लोकरमिश्र कापडाचा कोट. अंग उगाच जाड दिसत नाही, आणि दुपारी एक थर काढूनही ठेवता येतो. रंग एकच असावा; पण तो काळाच हवा असे नाही. मोरपंखी, जांभळा, बाटलीहिरवा, जो तोंडावर खुलतो तो घ्यावा. मात्र हिवाळा हा आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरांचाही मोसम असतो. पहाटेच्या अंधारात गडद कोट मागून येणाऱ्याला दिसत नाही. पाठीवर चमकणारी पट्टी लावून घ्यावी. ती शोभेला नाही, जिवाला लागते.

घेण्याआधी एक परीक्षा करा. सगळी बटणे लावा आणि गाडीची दांडी धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. पाठीत आवळले किंवा छातीवर आडव्या सुरकुत्या आल्या, तर तो कोट तुमचा नव्हे.

‘नवा कोट कोणाला परवडतो?’ असे काही भगिनी म्हणतील. खरे आहे. शेतावर आणि ऊसतोडीवर कित्येक बाया साडीवर घरधन्याचा जुना सदरा चढवतात, कोणी त्याचा जुना कोट. तोच कोट शिंप्याकडे न्या. मोठ्याचे लहान करता येते. बाह्या उसवून, खांदा आत घेऊन पुन्हा बसवता येतात. लांबी आणि बाही कापता येते. छाती मात्र आधी बसली पाहिजे, कारण लहानाचे मोठे करावयास शिवणीत जादा कापड लागते. शिंपी त्या कापडाला ‘माया’ म्हणतात. म्हणून नवे शिवावयास टाकताना दोन्ही कुशींना माया ठेवावयास आवर्जून सांगा.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. थंडीत एखादी मुलगी थोरल्या भावाचा स्वेटर घालून वर्गात येते. बाह्या लोंबत असतात, मुले हसतात. आपणही कधी थट्टेत एखादा शब्द बोलून जातो. तो शब्द ती मुलगी घरी नेते, आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर न घालता कुडकुडत येते. त्याऐवजी तिच्या बाह्या नीट दुमडून द्याव्यात आणि धडा पुढे चालू करावा. आमच्या घरातल्या त्या शालीची गोष्ट अशाच एका सहज शब्दापासून सुरू झाली होती.

पत्नीच्या कोटाचा हा तिसरा हिवाळा. मागच्या वर्षी तो जरा आवळू लागला, तेव्हा मामांनी दोन्ही कुशींतली माया थोडी सोडून दिली. “बाई, कोट शहाणा आहे,” ते म्हणाले, “तुमच्याबरोबर वाढतोय.” शनिवारी पहाटे ती तो घालते, गळ्यात मफलर आत खोवते आणि माझ्या आधी गाडीपाशी जाऊन उभी राहते. शाल आता घरीच असते, रात्री पायांवर घ्यावयास.