दूध कुठे गेलं?

जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' ही कादंबरिका ऑगस्ट १९४५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी अनेक प्रकाशकांनी ती नाकारली होती. रशिया तेव्हा ब्रिटनचा युद्धातला साथीदार होता आणि गोष्टीतलं नेपोलियन नावाचं डुक्कर म्हणजे स्टालिन, हे उघड होतं.

मला यातली सर्वांत भेदक वाटते ती एक साधी घटना. शेतावरच्या प्राण्यांनी मालकाला हाकलल्यानंतर पहिल्याच दिवशी बादल्यांतलं दूध गायब होतं. पुढे सफरचंदंही डुकरांच्याच वाट्याला जातात. सबब काय, तर डोक्याचं काम तीच करतात. नेटाने जाब कोणीच विचारत नाही. कथेला कलाटणी इथेच मिळते, असं ऑर्वेलनेही एका पत्रात लिहिलं आहे. राबणारा बॉक्सर घोडा खाटकाकडे जातो, तो फार नंतर. पुस्तक छोटं आहे, जरूर वाचा.