दरडीला धनी हवा

दरड कोसळली म्हणजे आपण म्हणतो, "पाऊसच असा झाला, त्याला कोण काय करणार!" हे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. पाऊस साऱ्या डोंगरावर पडतो. मग एकच कडा का सुटतो, शेजारचा का सुटत नाही? एका शहराने हा प्रश्न पन्नास वर्षे चिकाटीने धरून ठेवला. ते शहर म्हणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हाँगकाँग.

तिथे सपाट जमीन थोडी, डोंगर फार. पाऊस वर्षाला सुमारे 2,400 मिलिमीटर. उष्ण, दमट हवेने खडक खोलवर कुजून त्याची माती झालेली. 1945 साली वस्ती सहा लाखांच्या घरात होती. 1971 पर्यंत ती 39 लाखांवर गेली. एवढी माणसे राहणार कुठे? मग डोंगर उभा कापायचा, निघालेली माती घळीत लोटायची आणि घरे उठवायची, असा क्रम सुरू झाला. माती लोटली खरी, पण थराथराने चोपली नाही. नुसत्या लोटलेल्या मातीचा बांध किती टिकतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

1972 च्या जून महिन्यात तीन दिवसांत 650 मिलिमीटर पाऊस झाला. 18 तारखेला दुपारी साउ माउ पिंग येथला असा एक भराव पाणी पिऊन चिखलासारखा वाहत खालच्या झोपड्यांवर आला. 71 माणसे गेली. त्याच रात्री पो शान रोडवर डोंगर सुटला, त्याने बारा मजली इमारत आडवी केली. तिथे 67 गेली. एक वस्ती गरिबांची, दुसरी पैसेवाल्यांची. पुढे चार वर्षांनी, ऑगस्ट 1976 मध्ये, साउ माउ पिंगलाच आणखी एक भराव ढासळला आणि 18 जण मेले.

तेव्हा कुठे 1977 साली सरकारने माती व खडक जाणणाऱ्या इंजिनीयरांची स्वतंत्र कचेरी उघडली. डोंगर कापायचा वा भराव घालायचा तर आराखडा आधी तिथे तपासला जाऊ लागला. जुन्या भरावांचा वरचा सुमारे तीन मीटर थर उकरून, पुन्हा घालून, रोलरने दाबण्यात आला. धोक्याच्या उतारावरच्या झोपड्या हलवल्या, पण लोकांना नुसते "निघा" म्हटले नाही; सरकारी चाळींत जागा दिल्या. पावसाच्या मोजमापावरून दरडींचा इशारा देण्याची रीतही त्याच साली सुरू झाली, आणि तो इशारा रेडिओवरून घरोघर पोहोचतो, बरं का.

तरी एक गोष्ट राहिली होती. जुलै 1994 मध्ये क्वुन लुंग लाउ येथे जुनी दगडी भिंत कोसळून पाच जण दगावले. चौकशीत आढळले की जमिनीत पुरलेले नळ गळत होते आणि ते पाणी भिंतीमागे मुरत होते. म्हणजे पाणी आभाळातूनच यावे लागते असे नाही. यानंतर माणसाने केलेल्या उतारांची व भिंतींची शहरभर मोजणी झाली. आज असे सुमारे 60,000 उतार वहीत आहेत. प्रत्येकाला नंबर आहे, जागेवर पाटी आहे, आणि त्याची देखभाल कोणी करायची हेही नोंदलेले आहे. सरकारी असेल तर अमुक खाते, खाजगी असेल तर मालक. या साऱ्या हकीकतीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दरडीला धनी मिळाला.

धन्याचे काम काय? वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, उतार पाहायचा. गटारे व पन्हळी मोकळ्या करायच्या, भिंतीतली पाणी निघण्याची भोके बुजली असतील तर उघडायची, भेगा बुजवायच्या. याला इंजिनीयर लागत नाही. त्याची मोठी तपासणी काही वर्षांनी वेगळी होते.

म्हणून तिथे आता दरडी कोसळतच नाहीत काय? तसे नाही. सप्टेंबर 2023 मध्ये एका तासात 158.1 मिलिमीटर पाऊस झाला, 1884 पासूनचा उच्चांक, आणि पुष्कळ ठिकाणी उतार ढासळले. धोका उणा होतो, संपत नाही.

आता आपल्याकडे वळू. घाटकोपरला जुलै 2000 मध्ये टेकडीची दरड झोपड्यांवर येऊन साठांहून अधिक माणसे गेली. तुमच्या गावचेही कोणी मुंबईत अशा उतारावर राहत असेल. माळीण (2014) आणि इर्शाळवाडी (2023) यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे उभा डोंगरच आला. तिथे गटार साफ करून भागत नाही, वेळेवर जागा सोडणे आणि सुरक्षित जागी घर मिळणे हाच उपाय. पण शाळेमागची कापलेली दरड, रस्त्याचा भराव, घरामागची भिंत ही माणसाचीच करणी आहे, आणि ती राखणे आपल्या हाती आहे.

गुरुजी व बाई, मृगापूर्वी एक उघडीप पाहून गावच्या जाणत्या मंडळींबरोबर एवढे करा. अशा जागांची यादी वहीत लिहा. ही जागा कोणाची, पाणी कुठून येते, कुठे जाते, वरच्या अंगाला भेग आहे काय, हे टिपा. ज्या दरडीपुढे धन्याचे नाव लिहिता येणार नाही, तिची नोंद ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत लेखी द्या.

आणि भर पावसात जमिनीला नवी भेग पडली, झाड वा खांब कलला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर सामान आवरत बसू नका. मुले-म्हातारी घेऊन बाजूला व्हा, खालच्या घरांना हाक द्या. सामान पुन्हा उभे करता येते. माणसाचे तसे नाही.