हृदयरुग्णाचे घर आणि हातातला मोबाईल
(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात इंझोरी येथे दिलेले व्याख्यान)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली २२ वर्षे बँकेत कारकुनी करतो. मग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय? एवढाच की, वडिलांच्या आजारात माझ्या घराने चार वर्षे जे भोगले आणि त्यातून जे शिकले, ते मी आपल्यापुढे ठेवू शकतो.

आपल्याकडे 'हार्ट फेल झाला' म्हटले की माणूस गेला, असाच अर्थ घेतात. डॉक्टरांच्या भाषेत हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाचा पंप अशक्त किंवा ताठर होतो, रक्त पुढे ढकलण्याचे काम नीट होत नाही आणि अंगात पाणी साठू लागते. पाय सुजतात, चार पावले चालले की दम लागतो, आडवे झाले की जीव गुदमरतो आणि उशाला एकाच्या दोन उशा लागतात. जुना रक्तदाब, हृदयविकाराचा झटका, मधुमेह, लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेली झडप, ही याची नेहमीची कारणे. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली रुग्णालयात दाखल झालेल्या अशा १२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ होते आणि सुमारे ३१ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. म्हणजे ज्या वयात आपल्याकडचा माणूस अजून शेतात राबत असतो, त्याच वयात हा आजार त्याला गाठतो.

माझ्या वडिलांना दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा हातात इंग्रजीतली फाईल आणि गोळ्यांची पिशवी मिळाली. सांभाळणार होती माझी आई, आणि तिला वाचता येत नाही. लघवीची गोळी कशासाठी, हे तिला कुणी समजावून सांगितले नाही. पुढे एका लग्नाला जायचे होते. एसटीत वारंवार लघवीला कुठे उतरायचे, म्हणून बाबांनी तीन दिवस ती गोळी घेतली नाही. त्यात लग्नातले पापड, लोणचे. चौथ्या रात्री ते अंथरुणावर उठून बसले, श्वास पुरेना. आई पहाटेपर्यंत पाठ चोळत बसली. सकाळी मी विचारले, रात्रीच फोन का केला नाही? ती म्हणाली, "दोन दिसापासून पायाले सूज होती बाबू, पन तुले नोकरीच्या ठिकानी कायले तरास द्यायचा!" दोन दिवस! तेवढ्यात एक फोन झाला असता तर पुढचे आठ दिवस दवाखान्यात गेले नसते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, आम्ही बँकवाले खात्यातून शंभर रुपये निघाले तरी खातेदाराच्या मोबाईलवर संदेश पाठवतो. मग बाबांच्या अंगात दोन किलो पाणी साठले, तर त्याचा संदेश कुणालाच का जाऊ नये?

आम्ही एक साधा डिजिटल वजनकाटा घेतला. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. लिहिण्याचे काम दहावीतल्या पुतणीकडे दिले. ती त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मला पाठवी. गोळ्यांच्या वेळी मोबाईलमध्ये गजर लावला. तीन दिवसांत वजन दोन किलोहून जास्त वाढले तर थांबायचे नाही, लगेच फोन करायचा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. प्रत्येक रुग्णाचा आकडा त्याच्या डॉक्टरांनाच विचारावा. एकदा ५४ किलोचे वजन तिसऱ्या सकाळी साडेछप्पन्न झाले. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हते, बाबा चहा पीत होते. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी काही दिवस गोळी वाढवली आणि त्या वेळचे दवाखान्यात भरती होणे टळले.

परंतु मित्रहो, यंत्र घरात आले म्हणजे काम झाले, असे नाही. अमेरिकेत १६५३ रुग्णांना रोज यांत्रिक फोनवर आपली लक्षणे आणि वजन कळवायला सांगण्यात आले. २०१० साली त्याचा निष्कर्ष आला: मृत्यू किंवा पुन्हा भरती होणे यात काहीच फरक पडला नाही. पुढे जर्मनीत १५७१ रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला. तेथे वजन, रक्तदाब आणि हृदयाचा आलेख रोज केंद्रात जाई आणि चोवीस तास तेथे डॉक्टर व परिचारिका हजर असत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दर शंभर रुग्णांमागे वर्षाला ११.३ मृत्यूंऐवजी ७.९ मृत्यू झाले. दोन्हींत तफावत बरीच असेल, पण मला त्यातून एक गोष्ट उमगली. आकडा पाठवणे हे अर्धेच काम आहे. पलीकडे तो वाचून लगेच हालचाल करणारा माणूस हवा.

आपल्याकडे असा माणूस कुठे मिळेल? नोव्हेंबर २०१९ पासून शासनाची ई-संजीवनी सेवा आहे. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यामार्फत दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मोबाईल किंवा संगणकावरून मोफत घेता येतो. २०१७ साली सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातील भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग हे जिल्हे आरंभीच घेतले गेले. त्यात परिचारिका मोबाईलवर रक्तदाबाची नोंद ठेवतात आणि तारीख चुकवणाऱ्या रुग्णाला फोन करून बोलावतात. रक्तदाब आवरला तर हृदय थकण्याचे एक मोठे कारणच कमी होते. श्वास पुरत नसेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर मात्र फोटो पाठवत बसू नये. थेट १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

अंगदुखीची गोळी दुकानातून आणून घेण्याची आपल्या कष्टकऱ्यांची सवय आहे. यातल्या बऱ्याच गोळ्या अशा रुग्णाच्या अंगात पाणी धरून ठेवतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या देऊ नका. मोबाईलवर फिरणारे 'हृदयावर रामबाण' असे संदेशही पुढे पाठवू नका.

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. घरोघरी मोबाईल आहे, पण तो असतो कुणाच्या हातात? मुलगा पुण्याला कामाला जातो, मोबाईलही त्याच्याबरोबर जातो. रुग्णाची सेवा करते ती आई, सून नाहीतर मुलगी, आणि तिच्या हाती काहीच नसते. मी चार वर्षे रोज बाबांचे वजन विचारले. आईला "तू जेवलीस का, रात्री झोपलीस का?" हे किती वेळा विचारले, ते आठवून आज लाज वाटते. तिचा रक्तदाब वाढल्याचे आम्हाला बाबा गेल्यानंतर कळले. विनयपिटकातील महावग्गात कथा आहे. आजारी भिक्खूकडे कुणी लक्ष देत नव्हते, तेव्हा खुद्द तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला आंघोळ घातली. सेवा कुणा एकावर टाकून इतरांनी मोकळे व्हायचे नसते, हा मला त्यातून मिळालेला धडा आहे.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. एक, विहारात एक वजनकाटा आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे. दोन, प्रत्येक विद्यार्थ्याने शेजारच्या एका घराची जबाबदारी घ्यावी: नोंद लिहावी, फोटो पाठवावा, ई-संजीवनीसाठी उपकेंद्रात सोबत जावे, औषधाचा सल्ला मात्र स्वतः देऊ नये. तीन, सेवा करणाऱ्या माउलीला आठवड्यातून एक दुपार विसावा मिळावा, म्हणून आळीपाळीने कुणीतरी रुग्णाजवळ बसावे.

बाबांच्या वजनाचे शेवटचे कॅलेंडर आईने अजून काढू दिलेले नाही. आता त्याच खिळ्यावर दुसरे कॅलेंडर टांगले आहे. त्यावर आईचा रक्तदाब लिहिला जातो.